पहिल्या बेसवरची पाच मिनिटं

बॅटवरून बेसबॉलचा चेंडू तसा जोरात गेलाच नव्हता. दोन खेळाडूंच्या मधून तो गवतावर घरंगळत गेला, आणि तेवढ्या वेळात वेन्डेल प्रुसिक धापा टाकत पहिल्या बेसवर पोचला. आधीपासून दुसऱ्या बेसवर असलेला त्याच्या संघाचा गडी धावत फलंदाजाच्या जागी परतला होता, म्हणजे एक धाव मिळाली होती. बरोबरी झाली होती. क्लीव्हलंडच्या दुपारच्या उन्हात हजारो माणसं उठून उभी राहिली.

वेन्डेल तेहेतीस वर्षांचा होता. तेरा वर्षं खालच्या लीगमध्ये कॅचर म्हणून, फलंदाजाच्या मागे चेंडू झेलत, उकिडवं बसून त्याचे गुडघे कामातून गेले होते. मोठ्या लीगमधला त्याचा हा पहिलाच फटका. इथल्या एका कॅचरचं बोट दुखावलं म्हणून त्याला परवा बोलावून घेतलं होतं. आज सकाळी ते बोट बरं झालं, आणि उद्याच्या परतीच्या विमानाचं तिकीट वेन्डेलच्या हातात पडलं.

आनंद व्हायला हवा होता. पण चार जिने कपाट चढवून खाली ठेवल्यावर माणसाला वाटतं, तसं काहीसं त्याला वाटत होतं.

"बुटाची नाडी सुटलीय तुझी," शेजारून आवाज आला.

त्यानं मान वर केली नाही. आवाज ओळखीचा होता. समोरच्या संघाकडून पहिला बेस सांभाळायला तावो रेंतेरिया असतो, हे देशातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. त्याच तावोबरोबर अकरा वर्षांपूर्वी, दोघं खालच्या लीगमध्ये असताना, वेन्डेलनं डेव्हनपोर्ट गावी एका तळघरात दोन हंगाम काढले होते. एक गादी, एक सोफा. आठवडा बदलला की जागा बदलायची.

तो नाडी बांधायला वाकला. गुडघा कडकन वाजला.

"हे मलासुद्धा ऐकू आलं," तावो म्हणाला.

"तुझं काय?"

"खुबे. हिवाळ्यात दोन्हींचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणतो, अजून एक वर्ष ओढ."

मैदानाच्या मध्यावर तावोच्या संघाचे लोक जमले होते. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, बदलणं चाललं होतं. नवा पिचर येणार, हात मोकळा करणार. चार-पाच मिनिटं कुणालाच काही काम नव्हतं.

"पहिला ना हा?" तावोनं विचारलं.

"हो."

"माझा मला आठवत नाही बघ. शपथ. व्हिडिओ आहे घरी, बायको लावते पाहुण्यांसाठी. मी बघतो आणि वाटतं, कोण हा गडी." त्यानं हातमोजा काखेत धरला. "तुझं घोरणं मात्र आठवतं लेका."

वेन्डेल हसला नाही, पण त्याचे खांदे थोडे सैल झाले.

"तू फोन उचलणं बंद केलंस," तावो तसाच सरळ समोर बघत म्हणाला.

"हो."

"मी किती केले. पहिल्या वर्षी केले, दुसऱ्या वर्षी केले. मुलगी झाली तेव्हा केला. मला वाटलं, माझ्या तोंडून काही गेलं असेल. बायकोला विचारलं, तुझ्या भावाला विचारलं. काय केलं होतं मी?"

नव्या पिचरचा पहिला चेंडू कॅचरच्या हातमोज्यात धप्पकन बसला. मग दुसरा.

"काही नाही केलंस," वेन्डेल म्हणाला. "तू चांगला खेळत होतास."

तावोनं त्याच्याकडे बघितलं.

"तू मोठ्या लीगमध्ये गेल्यावर रोज खेळून आम्ही बसमध्ये बसायचो, आणि कोणीतरी तुझ्या फटक्यांचे आकडे वाचून दाखवायचं," वेन्डेल म्हणाला. "मी आनंद झाल्यासारखं करायचो. बसमध्ये करायचो, घरी करायचो. फोनवर परत तेच करायची ताकद नव्हती रे."

"मग शिवी द्यायचीस."

"तेवढंही सुचलं नाही."

तावो टाचेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तुला कंटाळा आला माझा. खरं सांगू? हे बरंय त्याच्यापेक्षा."

नव्या पिचरचा सराव संपला, तोच पंचानं दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. वेन्डेलच्या बाकावरून एक हरणासारखा सडपातळ पोरगा हेल्मेट घट्ट करत धावत येत होता. वेन्डेल समजला, आपल्या जागी धावायला हा पोरगा येतोय. विजयाची धाव आता वेन्डेलच्या पायांवर होती, आणि त्या पायांवर कोणी ती सोडणार नव्हतं. व्यवस्थापकाच्या जागी तो असता तरी त्यानं हेच केलं असतं. एकदा बदली झाली की त्या दिवशी पुन्हा मैदानात पाऊल टाकता येत नाही. म्हणजे संपलं.

"कधी जायचंय?" तावोनं विचारलं.

"उद्या सकाळी."

"आज रात्री जेवायला ये."

वेन्डेलनं येणाऱ्या पोराकडे बघितलं. "बरोबरी आहे, रात्रीपर्यंत खेळतच असशील तू. आधी आम्हाला हरवून तर दाखव."

"ते बघू. येतोस का?"

"येतो."

पोरगा येऊन पोचला, वेन्डेलच्या पाठीवर थाप मारून त्यानं बेसवर पाय ठेवला. वेन्डेलनं हेल्मेट काढलं. बाक चाळीस पावलांवर होतं. सवयीनं त्यानं पळायला पाय उचलला.

"वेन," तावो मागून म्हणाला, "चालत जा. आता कोणी बाद करणार नाही."