गाणं वाचून दाखवा

"माफी मागून टाक न व बेटा," आसाराम नातीच्या कानाशी तिसऱ्यांदा म्हणाला. "एक डाव हात जोडले का झालं. हात काई झिजत नाई."

डिंपल पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरत बसली होती. "वाचू तर द्या, आबाजी."

तलावाच्या काठच्या पाळीवर मच्छीमार सोसायटीची सालाची सभा भरली होती. दरसालसारख्या साऱ्यांले नव्या टोप्या वाटल्या होत्या. मागं मोठ्या गंजात मासोळीचा रस्सा शिजून राहिला होता. पहिलाच विषय डिंपलचं गाणं. कोणीतरी टपालानं अर्ज टाकला होता, का सभासद आसारामच्या नातीनं गाण्यातून सोसायटीची बदनामी केली, कारवाई करा. कारवाई म्हंजे आसारामचं नाव काटणं. नाव काटलं का तलावात जाळं टाकता येत नाई. चाळीस वर्सं ज्या पाण्यात छातीलोक उभा राहिला, तिथं आता फक्त तोंड धुवाले येता आलं असतं.

पोरगी भंडाऱ्याले शिकाले होती. तिथं तिनं तीन पोरांसंग बँड काढला. पंक म्हणतात त्याले. दिवाळीच्या मंडईच्या जत्रेत तिनं गावात गाणं म्हटलं, तं असा आवाज झाला का तलावावरचे बगळे उठले ते थेट पवनीच्या पुलावर जाऊन बसले, अन् सरपंचाच्या म्हशीनं आठ दिवस पान्हा चोरला. पोरं घामाघूम होऊन नाचली. सोसायटीच्या अध्यक्षानं, चंद्रकुमारनं, सोता स्टेजवर चढून पोरीले शाल पांघरली. शब्द एकालेही कळला नव्हता.

"हे पंक-फिंक म्हंजे नुसतं ओरडणंच न?" त्या रोजी आसारामनं घरी इचारलं होतं.

"ओरडणंच, आबाजी. ज्याचं कोणी ऐकत नाई, त्याचं."

"मंग आज ऐकलं का कोणी?" त्याची बायको सखाबाई चुलीजवळून बोलली होती. डिंपलनं शाल खुंटीले टांगली.

सोसायटीचा जुना रिवाज होता. अर्ध्या सभासदांले वाचता येत नाई, म्हणून अर्ज सभेत अक्षर न अक्षर मोठ्यानं वाचाचा. अर्जदाराचं नाव मात्र ठराव झाल्यावरच. नाव आधी कळलं का लोक अर्ज ऐकतच नाई, भांडतात. सचिव तुलारामनं पाकीट कपाटात कुलपात ठेवलं होतं. चंद्रकुमारले त्यानं विषय तेवढा सांगितला होता, अन् तो खुश झाला होता. आपलाच कोणी माणूस असंल, म्हणाला.

तुलारामनं चष्मा चढवला. ना ढोल, ना गिटार. लग्नाची पत्रिका वाचावी तसा अर्जात उतरवलेलं गाणं वाचत गेला.

"तलाव आमचा, जाळं आमचं,
मंग रोजीनं आमी कोणाच्या?
कागदावर आमी मालक सारे,
मासोळ्या गाडीत कोणाच्या?"

"म्हंजे कसं गा?" मागून एक बुढा बोलला.

"अर्जदारानं ओळीखाली अर्थ लिहून देला आहे," तुलाराम म्हणाला. "अर्थ: तलाव सोसायटीच्या नावानं आहे, पर मासोळी बाहेरचा ठेकेदार बर्फाच्या गाडीत नेते. सभासद आपल्याच तलावात मजूर आहे."

गंजातला रस्सा तेवढा बुडबुड करत होता.

"टोपी घाल अन् टाळी वाजव,
रस्सा आहे, पोटभर जेव.
पोरगं इचारंल तलाव कुठं,
त्याच्या ताटात काटा ठेव."

"राहू द्या, तुलारामजी," चंद्रकुमार म्हणाला. "समजलं साऱ्यांले."

"मले नाई समजलं," सखाबाई बायांमधून बोलली. "रिवाज आहे न? मंग वाचा."

"अर्थ: सालातून एक डाव टोपी अन् जेवण भेटते, म्हणून ठेका कोणाले देला हे कोणी इचारत नाई."

दोघा-तिघांनी डोक्यावरच्या नव्या टोप्या काढून हातात घेतल्या. एक जण उठला. "अध्यक्षसाहेब, ठेक्याचा कागद आमाले कधी दाखवला गा तुमी?" त्याच्यामागं दुसरा उठला, मंग चार जण उठले. बायासुद्धा पुढं सरकल्या.

चंद्रकुमारनं त्यांच्याकडं पाह्यलंच नाई. तो आसारामकडं पाहून राहिला होता. "काका, तुमी जुने माणूस. तुमचा शब्द कोणी मोडत नाई. तुमीच सांगा, खरं आहे का हे? का नाव काटू?"

डिंपलनं आसारामचा हात घट्ट धरला. हात सोडवून तो उठला.

"खोटं आहे, साहेब. भंडाऱ्याच्या हवेनं पोरीचं डोस्कं फिरलं. ठेका माह्यासमोर झाला. कागद मी पाह्यला. सारं बरोबर आहे."

"आसारामच म्हणते तं मंग…" उभे होते ते एकेक करून बसले. टोप्या परत डोक्यावर गेल्या. सखाबाईनं पदर तोंडाले लावला.

ठराव झाला: गाणं खोटं, ते गावात पुन्हा म्हणाचं नाई, आसारामचं नाव कायम. हात वर झाले. पहिला हात आसारामचा होता.

"वाचलो व बाई," तो खाली बसून म्हणाला. डिंपल तलावाकडं पाहत होती. पंगतीच्या पत्रावळी मांडाले सुरुवात झाली होती.

"थांबा, अर्जदाराची सही राहिली," तुलाराम म्हणाला. त्यानं अर्जाची शेवटची घडी उलगडली, नाव वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, अन् उठून पेन डिंपलच्या हातात देला.