समोरची

"अगं, आधी स्वतःचं तोंड बघ, मग दुसऱ्यांची रंगव!" पार्लरवालीने रस्त्यापलीकडे शेवटची तोफ डागली आणि काचेचं दार धाडकन लावून घेतलं.

समोरच्या पार्लरच्या पायरीवरून उत्तर आलंच. "माझं बघायला आरसा आहे. तुझा तर तुला बघून तडकला!"

शेजारच्या चष्मेवाल्याने चहाचा घोट घेतला. त्याची सकाळ झाली.

रोजचंच होतं हे. एके काळी दोघी एकाच पार्लरमध्ये शिकल्या होत्या. एकमेकींच्या पोटऱ्यांवर दोरा चालवून, एकमेकींना ओरबाडून, भुवया कोरायला शिकल्या होत्या. मग पार्लरवालीने स्वतःचं दुकान थाटलं, आणि दुसरीने थाटलं ते बरोब्बर त्याच्यासमोर. तेव्हापासून हिला नावच उरलं नाही. ही फक्त 'समोरची'. इकडे फेशियलवर सूट, तर तिकडे फेशियलवर डोक्याचा मसाज फुकट. इकडे नवी खुर्ची, तर तिकडे गोल फिरणारी खुर्ची.

आणि अलीकडे तर समोरचीने कहरच केला होता. पार्लरवालीच्या खुर्चीतून उठलेल्या बायका थेट रस्ता ओलांडून तिच्याकडे शिरायच्या. ताज्या ताज्या भुवया घेऊन! "काय आमिष दाखवते कुणास ठाऊक," पार्लरवाली चरफडायची. चरफडताना चहा बशीत सांडायचा आणि ती कप बनवणाऱ्याचा उद्धार करायची. हात थोडा थरथरतो, हे तिलाही माहीत होतं. पण दोरा हातात आला की तो थांबतो, अशी तिची पक्की खात्री होती.

त्या दिवशी पार्लरवालीच्या लेकीची विमान कंपनीत मुलाखत होती. पहिलीवहिली.

"अशा कोरते बघ, मुलाखत घेणारे प्रश्नच विसरतील," पार्लरवाली म्हणाली. लेक खुर्चीत बसली, डोळे मिटले. दोरा चालला. झाल्यावर तिने आरशात पाहिलं. जराशी थांबली. मग आईच्या गळ्यातच पडली.

"कसल्या भारी झाल्यात गं आई! थांब हं, झेरॉक्स काढून आलेच."

पार्लरवाली हसत हसत पुढच्या गिऱ्हाइकाच्या तोंडाला पॅक थापायला लागली. सहज बाहेर लक्ष गेलं. लेक झेरॉक्सच्या दुकानावरून तशीच पुढे गेली. तिने इकडेतिकडे पाहिलं. आणि समोरचीच्या दारातून आत शिरली.

ब्रश खाली पडला. बायका गेल्या, ठीक. पण पोटची पोर?

"अहो ताई, माझं वाळतंय!" पॅकवाली ओरडली. पण ताई एप्रनसकट रस्त्यावर पोचल्या होत्या. काय काय बोलायचं ते तिने रस्ता ओलांडता ओलांडताच ठरवलं. शब्दांची कमतरता कधीच नव्हती.

समोरचीचं दार उघडंच होतं. ती पाठमोरी, लेकीवर वाकलेली. लेकीचे डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी भुवईची कातडी ताणून धरलेली.

"मावशी, उजवी पार वर गेलीये ना? सारखी करा. पण तुम्ही केल्यात असं वाटू देऊ नका हं. आईला कळलं तर खचेल ती."

"हलू नकोस. तिचीच कमान ठेवते. सगळ्याजणींची तशीच ठेवते."

"मग रोज एवढं भांडता कशाला तिच्याशी?"

"भांडले नाही तर संशय येईल तिला. मी गिऱ्हाइकं पळवते असंच वाटू दे. मला शिव्या घालते तोवर ताठ उभी तरी असते बिचारी."

समोरचीने दोऱ्याचं टोक दातात धरलं, मान वर केली, आणि आरशात तिला पार्लरवाली दिसली.

दोरा सोडून समोरचीला काहीतरी बोलता आलं असतं. तिने सोडला नाही. नुसतेच डोळे भरून आले. पार्लरवालीने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. ते बोट ओठांवर ठरत नव्हतं. मग ती पाऊल न वाजवता मागे सरकली.

परत आली तेव्हा पॅकवालीचं तोंड कडक झालं होतं. ओठ न हलवता तिने विचारलं, "चांगली सुनावलीत ना?"

"सुनावली."

ती वाकून पॅक पुसायला लागली. बाईच्या भुवया अगदी जवळ आल्या. गेल्या खेपेला पार्लरवालीनेच केलेल्या. दोन्ही एकसारख्या, आखून काढल्यासारख्या. पार्लरवालीचा हात थांबला. बाईने हळूच नजर फिरवली.

तेवढ्यात दार उघडलं. झेरॉक्सचे कागद फडकवत लेक आत आली.

पार्लरवालीने दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबले. "इकडे ये. उजेडात उभी राहा. मान वर कर." लेक उभी राहिली. कमान सुरेख होती. ऐन उमेदीत पार्लरवालीच्या स्वतःच्या हातून उतरायची, अगदी तशी. ती कितीतरी वेळ बघत होती. लेकीने श्वास रोखून धरला होता.

"बघ," पार्लरवाली म्हणाली, "समोरचीला सात जन्मांत जमतील का अशा?"