साडेदहाची पोळी

शेगडीनं एकदा फुस्स केलं आणि ज्योत विझली. अपूर्वानं लायटर दाबला, बटन फिरवलं, पुन्हा लायटर दाबला. काही नाही. तवा अजून नीट तापलाही नव्हता आणि घड्याळात सव्वादहा झाले होते.

सिलिंडर मागच्या ओसरीत असायचा. तिथंच तिच्या सासूबाई, चारुलताबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. जरा पाहता का, असं तिनं आतूनच विचारलं. संपला वाटते, असं त्या तिकडूनच म्हणाल्या आणि सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. बारा दिवसांपूर्वी लावलेला सिलिंडर. पण उलटतपासणी करायला वेळ कुठे होता?

साडेदहाला तिच्या सासऱ्यांचं, गुणाकररावांचं ताट वाढलं जायचं. कचेरी सुटून सहा वर्षं झाली होती, कचेरीची वेळ काही सुटली नव्हती. पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. शिळी पोळी ते वासावरून ओळखतात अशी बालाघाटभर ख्याती होती, आणि ती पसरवली होती त्यांनी स्वतःच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात अपूर्वानं सकाळची पोळी संध्याकाळी वाढली आणि भाबडेपणानं तसं सांगूनही टाकलं. ते मुकाट्यानं ताटावरून उठले होते. तेव्हापासून रोज साडेदहाला ती तव्यापाशी असायची. माहेरची लग्नंही तिनं संध्याकाळचीच पाहिली होती.

आणि आता पिठाच्या डब्याखाली लामता गावच्या शाळेतल्या नेमणुकीचं पत्र होतं. दोन वर्षं अभ्यास करून मिळवलेली नोकरी. हजर व्हायची शेवटची तारीख उद्याची. सासऱ्यांनी नाही म्हटलं नव्हतं. ते कधीच नाही म्हणत नसत. ते फक्त म्हणाले होते, साडेदहाची पोळी कोण करणार? चारुलताबाईंचं उजवं मनगट मोडून वाकडं बसलेलं, त्यांना लाटणं धरवत नव्हतं. नवरा, चिन्मय, नोकरीनिमित्त गोंदियाला. शनिवारी यायचा आणि बाबांसमोर वर्तमानपत्र वाचत बसायचा. काल रात्री अपूर्वा पोळ्या करता करता रडली होती. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तिचे डोळे पुसले नाहीत की पाठीवर हात ठेवला नाही. गाईसाठी सहा पोळ्या जास्त टाक, एवढंच म्हणाल्या. त्या क्षणी अपूर्वाला त्यांचा रागच आला.

त्या सहा पोळ्या आता डब्यात होत्या. गाय काही आली नव्हती.

बाहेरच्या खोलीत गुणाकरराव खाकरले. आज त्यांचे जुने सहकारी भैयालाल पटले अमेरिकेचं मशीन पाहायला आले होते. नणंद इरानं पाठवलेलं ते केसाडियाचं मशीन शोकेसमध्ये झालरीच्या रुमालाखाली असायचं. गोल, काळं, झाकणावर दोन दिवे, सोबत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर. दोन पोळ्यांच्या मध्ये भाजी आणि चीज घालायचं, झाकण दाबायचं, सहा त्रिकोण तयार. वहिनीला आराम म्हणून इरानं पाठवलं होतं. पोळ्या आधी लाटाव्याच लागतात, हे अमेरिकेत बसून तिच्या लक्षात आलं नसावं. एवढी मशीन दिली तरी सून नोकरीच्या गोष्टी करते, असं मात्र गुणाकररावांनी चार घरी सांगून झालं होतं.

सकाळची गेलेली वीज रोजच्यासारखी दहाला आली होती. अपूर्वानं मशीन लावलं. शिळी पोळी, तीही पाहुण्यासमोर. हे कळलं तर लामता राहिलं बाजूला, या घरात तोंड वर करायची सोय उरणार नव्हती. हिरवा दिवा लागला. तिनं डब्यातल्या दोन पोळ्या ठेवल्या, बटाट्याची भाजी पसरली, वर चीज किसलं आणि झाकण दाबून डोळे मिटले.

गुणाकररावांनी पहिला त्रिकोण नाकाजवळ नेला. नेहमीची सवय. अपूर्वानं दाराची चौकट घट्ट धरली. त्यांनी घास घेतला. दुसरा घेतला. मग त्रिकोण उंच धरून म्हणाले, "पाहा भैयालालजी, याले म्हणतात ताजी पोळी. शिळी असती तं मले वासावरूनच कळलं असतं."

भैयालाल मान डोलावत खात राहिले. सहाही पोळ्या संपल्या.

चारुलताबाई ओसरीतून उठून दारात आल्या. त्यांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. आता या बोलणार.

"रोज हेच देलं तं चालन का तुम्हाले?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"चालन काय, पळन," गुणाकरराव म्हणाले. "भैयालालजी, तुम्ही साक्षीदार."

पाहुण्यांना निरोप द्यायला ते फाटकापर्यंत गेले. अपूर्वा गॅसवाल्याला फोन लावायला वळली. सासूबाईंनी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि जागेवर ठेवला.

"सिलिंडर भरलेला हाय. डाव्या हातानं त्याचं बटन बंद करता येते मले, अन् या मशीनीचं झाकणही दाबता येते. तू रात्री सहा पोळ्या जास्त टाकत जाय, अन् उद्या लामत्याची साडेआठची बस पकड."