नापास

पिंपळवंडीच्या टोमॅटो पॅकिंग शेडमध्ये आज परीक्षा होती, म्हणून फुलाबाई ठेवणीतलं पातळ नेसून कामावर आली. शेडमधल्या बायकांना कामापुरतं लिहा-वाचायला आणि हिशेब करायला शिकवणाऱ्या अश्विनीताईंनी नवा पेपर काढला होता, आणि तो आधी इथंच वापरून बघायचा होता. औषधाच्या बाटलीवरचं लेबल फुलाबाईनं बोट ठेवून ठेवून नीट वाचून काढलं. क्रेटच्या वजाबाकीला मात्र तिची गाडी रुतली ती रुतलीच.

पेपर तपासून ताई म्हणाल्या, "मावशी, वजाबाकी मीच फार किचकट घातलीय. ते प्रश्न मी बदलणार आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"तुमी बदला की. पर माझं काय झालं?"

"अहो, आज परीक्षा पेपरची होती. तुमचं पास-नापास काही नाही यात."

"ते ऱ्हाऊ द्या. खरं सांगा, पास का नापास?"

ताई घुटमळल्या. "तसंच धरलं तर... नापास."

फुलाबाईनं टाळीच वाजवली आणि तिथल्या तिथं भावाला फोन लावला. "गेणूदादा, मी नापास झाले!" सगळी शेड वळून बघायला लागली.

"मावशी, नापास झाल्याचा एवढा आनंद?"

"मग! तिन्ही भाऊ धाव्वीला नापास झालं, तवा घरात केवढं रामायण झालं व्हतं! मला तर नापास व्हायला बी कुणी साळंत घातलं न्हाई."