हँडीकॅमची वायर

आजीच्या तिथीला जेवणं झाली की वसंतकाका दरवर्षी कांजूरमार्गच्या खोलीत सगळ्या भावकीला जुन्या हँडीकॅमवरचं तेच चित्रण टीव्हीवर दाखवायचा. आजारी आजी खोलीची किल्ली त्याच्या हातात ठेवते आहे. आवाज नव्हता, पण किल्ली दिसत होती. तेवढ्यावर त्याच्या धाकट्या भावाला, सुबोधला, म्हणजे रुचिराच्या बाबांना, खोली सोडावी लागली. गेल्या वर्षी ते भाड्याच्या घरात वारले.

यंदा चित्रही थरथरायला लागलं, तेव्हा काका कॅमेरा घेऊन रुचिराच्या साकीनाक्याच्या दुरुस्तीच्या गाळ्यावर आला.

“वायर बघ गं जरा. चित्र तेवढं नीट कर. आवाजाचं सोड, तो टेपमधूनच गेलाय.”

“बघते ना, काका.”

टेपला काहीच झालं नव्हतं. पिनेजवळ वायर पिचली होती आणि आवाजाची तार आतल्या आत केव्हाच तुटली होती. रुचिराने दोन्ही तारा नव्याने सोल्डर केल्या, पुन्हा वाकून तुटू नयेत म्हणून वर रबरी नळी चढवली आणि टेप शेवटपर्यंत दोनदा ऐकली.

तिथीला खोली माणसांनी भरली. “आमच्या पोरीने बघा कसं झकास करून दिलंय!” म्हणत काकाने कॅमेरा टीव्हीला जोडला. रुचिराने रिमोट घेतला आणि आवाज पूर्ण वाढवला.



“वसंता, सुबोध गावासून इलो काय ही किल्ली त्येका दी,” आजी म्हणाली. “खोली त्येची आसा.”