तळहातावरची चटणी

"अव्वा, एवढंच म्हणायचं. 'ही माझ्याच हातची चटणी.' संपलं."

अभिमन्यूने मोबाइल स्टँडवर बसवला आणि चटणीचं पाकीट गंगम्मापुढे उभं केलं. पाकिटावरही गंगम्माच होती, कपाळभर विभूती लावून हसणारी.

तिची शेंगा चटणी सोलापुरात कोणाला माहीत नाही? ओसरीवर विकायची, आणि तिथे एकच रीत. गिऱ्हाइकाने आधी तळहात पुढे करायचा, तिने त्यावर चिमूटभर चटणी ठेवायची. चाखल्याशिवाय तराजूला हात नाही. मग पुण्याची कंपनी आली. चटणी ॲपवर चढली, पार दिल्लीला पोचली. मागणी उखळाला झेपेना, तेव्हा कंपनीने चिंचोळी एमआयडीसीत यंत्र बसवलं. कांडणाऱ्या बाया घरी गेल्या, उखळ कोरडं पडलं. फोटो तेवढा गंगम्माचा राहिला.

आपली चटणी कुठे कुठे जाते ते तिला बघता यावं, म्हणून कंपनीच्या अभिमन्यूनेच तिला मोबाइल शिकवला होता. "नुसतं बोलायचं अव्वा, तो आपोआप लिहितो." पोरगा मोडनिंबचा, मनाने वाईट नव्हता. पण पोटासाठी माणूस कुठे कुठे मान डोलावतो.

आता एक गिऱ्हाईक हात धुऊन मागे लागलं होतं. दर महिन्याला ॲपवर पाचांपैकी एकच चांदणी द्यायचं आणि खाली लिहायचं, 'ही गंगम्माची चटणी न्हाय. हिला तेल सुटत न्हाय.' त्याचं बघून बाकीचेही बोलू लागले. खप घसरला. ॲपवाले त्याचं नाव सांगेनात. हा कुणा जळक्या धंदेवाल्याचाच डाव, असं कंपनीच्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं. आज गंगम्माने मोबाइलवर थेट सगळ्यांसमक्ष साक्ष दिली, की त्याचं तोंड बंद.

"आन न्हाय म्हनलं तर?" गंगम्माने विचारलं.

"तर करार मोडला, अव्वा. घरबसल्या येतंय ते थांबेल. माझीही नोकरी जाईल. पाकिटावर तुमचं नाव राहणार नाही."

"नाव निघंल म्हनतोस?"

अभिमन्यूला तिची कीव आली. म्हातारी घाबरली, असं त्याला वाटलं. ती आत गेली, हात धुऊन आली, पदर सारखा करून बसली. "कर चालू."

त्याने बटण दाबलं. हजारो माणसं बघू लागली. पडद्यावर लाइकचे लाल बदाम उडू लागले. गंगम्माने पाकीट फोडलं, चिमूटभर चटणी तळहातावर घेतली आणि चाखली. अभिमन्यू मनात खूश झाला. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, ही तर चटणी होती.

"मी गंगम्मा. ही माझी चटणी न्हाय."

अभिमन्यूचा हात फोनकडे झेपावला. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. हात तिथेच राहिला.

"खोटं लिवनाऱ्याला हुडकायलेत म्हनं. हुडकू नका. फोनवर गिऱ्हाइकाला तळहात पुढं करता येत न्हाय. म्हनून दर म्हैन्याला पाकीट मीच मागवती, तुमच्या वाटणीचं मीच चाखती. ती एक चांदणी मीच देती."