गाडीबरोबर वडील

"गार हवा येईपर्यंत मी किल्लीला हात लावणार नाही," धाकटा म्हणाला.

"नको लावूस. गाडी इथेच राहील," थोरला म्हणाला.

गॅरेजच्या पत्र्याखाली गाडी बॉनेट उघडून उभी होती. मागच्या सीटवर मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन वडील बसले होते. आई गेल्यावर दोघा भावांनी ठरवलेला हिशेब अगदी सोपा होता. वडिलांची गाडी एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे; आणि गाडी जिथे, वडील तिथे. गाडीची आणि वडिलांची पाठवणी एकदमच व्हायची. आज ती एसीवर अडली होती. धाकटा गाडी घेत नव्हता म्हणजे वडिलांनाही घेत नव्हता, आणि थोरला दोन्ही परत न्यायला तयार नव्हता. म्हाताऱ्याने आज कुठे पाठ टेकायची ते मेकॅनिकच्या हातात येऊन पडलं होतं, आणि त्या भल्या माणसाला याचा पत्ताही नव्हता.

त्याने एसीच्या नळीला गेज लावून काटा पाहिला. "गॅस भरपूर आहे."

"असणारच," थोरला म्हणाला. "मी याच्यासारखा मेव्हण्याच्या ओळखीत फुकटात गॅस भरून घेत नाही."

"आणि खांबावर गाडी कोणी घातली होती, दादा? तू का वहिनीने? दर वेळी तुझं उत्तर बदलतं."

"वहिनीला मध्ये आणू नकोस."

"आणणार. एसी तिलाच लागतो फुल्ल."

मेकॅनिकने गाडी चालू केली, एसीचं बटण दाबलं आणि वाकून कान दिला. कंप्रेसर ढिम्म हलला नाही. आतला पंखा गरम हवा ओकत राहिला. मेकॅनिक मागे वळून म्हणाला, "काकांना आत उकडत असेल. बाहेर खुर्चीवर बसवू का?"

"बसू दे तिथेच. त्यांना विचारून उपयोग नाही, ऐकू येत नाही," थोरला म्हणाला.

एवढ्या एका बाबतीत दोन्ही घरांचं एकमत होतं. हाक मारली तरी म्हातारा ओ देत नाही, म्हणजे कान गेले. डॉक्टरला दाखवायचं कोणालाच सुचलं नाही. उलट सोयच झाली. त्यांच्यासमोर काहीही बोलता येऊ लागलं.

"तू मुद्दाम बिघडवलास एसी," धाकटा आता मोकळाच सुटला. "माझी पाळी आली की काहीतरी मोडलेलं असतंच. मागच्या वेळी यांना खोकला लावून पाठवलंस. रात्रभर ढास. आम्ही झोपायचं कधी?"

"आणि तू? एक गोळी वेळेवर दिली नाहीस. पाय सुजवून परत केलेस."

"माझ्या दोनच खोल्या आहेत."

"मग सरळ सांग ना, नको आहेत म्हणून."

"तुला तरी कुठे हवे आहेत? तुला गाडी हवी आहे. त्यांच्याशिवाय मिळत नाही म्हणून ठेवतोस."

थोरल्याने हात उगारला नाही इतकंच. मागच्या सीटवर वडील पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. ते गाडीबाहेर, पत्र्याच्या भिंतीकडे बघत होते.

मेकॅनिकने दोघांनाही कोपराने बाजूला सारलं. "साहेब, जरा सरका. उजेड अडतोय." त्याने इंजिनाशेजारच्या फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं. सगळे ठोकळे जागेवर होते, फक्त एक खाच रिकामी होती. एसीला वीज पोचवणाऱ्या रिलेची. त्याने बोट आत घालून पाहिलं आणि बॉनेटखाली तोंड ठेवूनच स्वतःशी पुटपुटला, "हा कुठे गेला?"

"माझ्याकडे आहे," मागच्या सीटवरून आवाज आला.

दोघे भाऊ एकदम मागे वळले. वडिलांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, उघडलं आणि काड्यापेटीहून लहान असा काळा ठोकळा खिडकीतून बाहेर धरला. मेकॅनिकने पुढे होऊन तो घेतला.

"तुम्ही काढलात?"

"जन्मभर वायरमनचंच काम केलं. एवढं जमतं."

"पण का?" थोरला ओरडला. सवयीने ओरडला.

"ओरडू नकोस," वडील म्हणाले. "एसी लावला की तुम्ही काचा बंद करता. मग पुढे तुम्ही नवरा-बायको जे बोलता ते मागे सगळं ऐकू येतं. तुझ्या घरचंही." ते धाकट्याकडे वळले. "आणि तुझ्याही. काचा उघड्या असल्या की नुसता वारा ऐकू येतो. तेवढ्यासाठी काढला."

थोरला उगाच बॉनेटच्या आत बघू लागला, जणू अजून काही नादुरुस्त निघेल.

मेकॅनिकने रिले खाचेत दाबून बसवला. टक् करून कंप्रेसर लागला. "झाली तयार," तो म्हणाला आणि बॉनेट लावून हात पुसत दूर गेला.

वडिलांनी पिशवी पोटाशी ओढली. "बोला. आज कोणाच्या घरी?"

थोरला रस्त्याकडे बघत उभा राहिला. अखेर धाकटा ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसला. गार हवा त्याच्या तोंडावर आली. सवयीने त्याचं बोट काचेच्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. आरशात वडील त्याच्याकडे पाहत होते.

त्याने बोट मागे घेतलं. चारही काचा उघड्याच राहिल्या, आणि गार हवा बाहेर जात राहिली.